ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल : नाव, आराखडा आणि मालकी

शस्त्रास्त्रांच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन टोकांनी जाते. एक टोक लढायांचे. त्यात शस्त्र हे केवळ साधन म्हणून उल्लेखिले जाते. दुसरे टोक संशोधकांच्या चरित्रांचे. त्यात शस्त्र हे एखाद्या प्रतिभावंताच्या बुद्धीतून परिपूर्ण स्वरूपात प्रकट झाले, असे गृहीत धरले जाते. या दोहोंच्या मध्ये कारखाना, पेटंट, करारपत्र आणि आराखडा यांचा जो विस्तृत प्रदेश पसरलेला आहे, तो पुष्कळसा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रदेशाचा परिचय एकाच वस्तूच्या आधारे करून देण्याचा हेतू आहे. ती वस्तू म्हणजे बेल्जियममध्ये १९३५ साली सैन्यात दाखल झालेले, आणि पुढे पन्नासांहून अधिक देशांच्या सैनिकांनी व पोलिसांनी वापरलेले, ९ मिलिमीटर व्यासाचे ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल होय.

या पिस्तुलाविषयी तीन प्रश्न उपस्थित होतात. ते कोणी निर्मिले? ते कोणाच्या मालकीचे होते? आणि ते बनविण्याचे ज्ञान कोठे वसत होते? वरवर पाहता या तिन्ही प्रश्नांचे उत्तर पिस्तुलाच्या अंगावरच कोरलेले आहे, असे वाटते. परंतु त्यावरील अक्षरे आणि प्रत्यक्ष इतिहास यांत बरेच अंतर आहे. ते अंतर मोजणे, हेच या लेखाचे प्रयोजन.

१. फ्रेंचांची मागणी

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला लहान शस्त्रांची टंचाई तीव्रतेने जाणवली होती. निरनिराळ्या बनावटींची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे परदेशांतून मिळतील तशी विकत घेऊन त्या सैन्याने आपली गरज भागविली. युद्ध संपल्यानंतर लवकरच फ्रेंच अधिकाऱ्यांनी नव्या लष्करी पिस्तुलासाठी अपेक्षा निश्चित केल्या. पिस्तुलात किमान १० काडतुसे मावावीत. बाह्य घोडा असावा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात घडविणारा भाग बाहेरून दिसावा. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढून घेतल्यावर पिस्तूल उडू नये. रचना बळकट व सहज सुटी करता येण्याजोगी असावी. आणि वजन एक किलोग्रॅमच्या आत राहावे, असे त्यांचे स्वरूप होते. आज या अटी सामान्य वाटतात. पण त्या काळी जर्मन ल्युगर पिस्तुलात ८ आणि अमेरिकन कोल्ट १९११ मध्ये ७ काडतुसे मावत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीचे धाडस लक्षात येते.

ही मागणी बेल्जियममधील लिएझ नगराजवळील हेर्स्ताल येथे असलेल्या ‘फाब्रिक नासिओनाल’ या कारखान्याकडे आली. हा कारखाना १८८९ साली, बेल्जियन सरकारला माउझर रायफली पुरविण्याच्या निमित्ताने स्थापन झाला होता. अमेरिकेतील यूटा प्रांताच्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला जॉन मोझेस ब्राउनिंग याचा या कारखान्याशी १८९७ पासून संबंध होता. कारखान्याने नव्या पिस्तुलाचे काम साहजिकच त्याच्याकडे सोपविले.

२. आपल्याच पेटंटांचा अडसर

येथून इतिहासाला एक चमत्कारिक वळण लागते. ब्राउनिंगने कोल्ट १९११ पिस्तुलातील आपल्या कल्पनांचे हक्क कोल्ट कंपनीला यापूर्वीच देऊन टाकले होते. म्हणजे ज्या रचना त्याने स्वतः शोधून काढल्या आणि ज्या त्या काळी सर्वोत्तम ठरल्या होत्या, त्या त्याला स्वतःच्याच पुढील कामात वापरण्याची मोकळीक राहिली नव्हती. आपल्याच पूर्वकृतीला वळसा घालून नवी कृती सिद्ध करावयाची, असे त्याच्यापुढील काम होते.

ब्राउनिंगने यूटामध्ये दोन नमुने तयार केले. त्यांपैकी एक अगदी साध्या रचनेचा होता; दुसऱ्यात गोळी सुटण्याच्या क्षणी नळी व तिच्यावरील सरकते आवरण, म्हणजे स्लाइड, परस्परांत अडकून राहत असत. दुसरा नमुना पुढील विकासासाठी निवडला गेला. ब्राउनिंगचा पेटंटसाठीचा अर्ज २८ जून १९२३ रोजी अमेरिकेत दाखल झाला. या नमुन्यात बाहेर दिसणारा घोडा नव्हता. त्याऐवजी आतल्या आत पुढे झेपावणारी आघातशलाका होती. म्हणजे फ्रेंचांची एक स्पष्ट अट त्यात अद्याप पुरी झालेली नव्हती.

परंतु फ्रेंचांची सर्वांत महत्त्वाची अट, म्हणजे काडतुसांची संख्या, मात्र पुरी झाली होती. आणि ती ब्राउनिंगच्या हातून नव्हे. हेर्स्तालच्या कारखान्यातील द्यूदोने सैव या बेल्जियन तंत्रज्ञाने काडतुसे एका ओळीत न रचता दोन ओळींत, एकाआड एक तिरकस बसतील असे मॅगझिन सिद्ध केले. त्यामुळे पिस्तुलाची मूठ फारशी न वाढविता काडतुसांची संख्या जवळजवळ दुप्पट करता आली. ब्राउनिंगचे दोन्ही नमुने याच मॅगझिनवर आधारलेले होते. दोन ओळींत काडतुसे ठेवण्याची कल्पना पूर्वी कोणाला सुचलीच नव्हती, असे नाही. पण मानवी हाताच्या मुठीत सुखाने मावेल अशा लष्करी पिस्तुलात ती यशस्वीपणे उतरविली ती सैवने. ‘हाय-पॉवर’, किंवा फ्रेंचमधील ‘ग्रांद प्यूसांस’, या नावातील सामर्थ्य गोळीच्या वेगाचे नसून काडतुसांच्या या संख्येचे आहे, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

ब्राउनिंगचे निधन २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यातच झाले. त्याच्या पेटंटला मंजुरी मिळाली ती २२ फेब्रुवारी १९२७ रोजी, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. पिस्तुलाचा पेटंटमधील आराखडा आणि १९३५ मध्ये सैनिकांच्या हाती पडलेली वस्तू यांच्यामध्ये आणखी आठ वर्षांचे काम होते, आणि ते सर्व सैवच्या देखरेखीखाली झाले.

त्या कामाला गती येण्याचे कारणही कायद्यातच सापडते. ब्राउनिंगच्या १९११ च्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मंजूर झाले होते, आणि अमेरिकन पेटंटांची मुदत तेव्हा १७ वर्षांची असे. ती १९२८ मध्ये संपली. सैवने तत्काळ कोल्टमधील कित्येक उत्तम गोष्टी नव्या आराखड्यात सामावून घेतल्या. हा नमुना १९२८ चा सैव-ब्राउनिंग नमुना म्हणून ओळखला जातो. ब्राउनिंगला हयातीत जे करता आले नाही, ते त्याच्या सहकाऱ्याने केले. १९३१ पर्यंत मॅगझिन आखूड होऊन त्यात १६ ऐवजी १३ काडतुसे मावू लागली, मुठीची मागील बाजू तळहाताला अनुरूप अशी वक्र झाली, आणि नळीचे तोंड धरून ठेवणारे कडे स्लाइडचाच अविभाज्य भाग बनले. १९३४ मध्ये आराखडा पूर्ण झाला व पुढल्या वर्षी बेल्जियन सैन्याने तो स्वीकारला. ज्या फ्रान्सच्या मागणीवरून हे सारे घडले, त्या फ्रान्सने मात्र ते नाकारून कमी काडतुसांचे, स्वतःचे १९३५ च्या नमुन्याचे पिस्तूल पत्करले.

३. रचनेतील विशेष

या पिस्तुलाच्या यंत्ररचनेतील एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने समजून घेणे इष्ट आहे, कारण तिचा प्रभाव पुढे दूरवर पोहोचला. गोळी सुटताच नळी आणि स्लाइड एकत्रच थोडेसे मागे सरकतात. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते व आतील वायूचा दाब उतरलेला असतो. मग नळीचा मागील भाग खाली झुकतो, तिची आणि स्लाइडची मिठी सुटते, आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामे टरफल बाहेर फेकते. परत येताना ती नवे काडतूस नळीत ढकलते. कोल्ट १९११ मध्ये नळीला खाली ओढण्याचे काम एक हलती कडी करीत असे. हाय-पॉवरमध्ये तिच्या जागी नळीच्या पोटाशी विशिष्ट आकारात कापलेला एक अखंड दुवा आला. हलता भाग कमी झाला, झीज कमी झाली, घडाई सोपी झाली. पुढील काळातील बहुसंख्य लष्करी पिस्तुलांनी हीच पद्धत थोड्याफार फरकाने उचलली.

दोषही नव्हते असे नाही. मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी योजना फ्रेंचांच्या अटीमुळे आली होती. फ्रेंच गेले तरी ती राहिली. तिच्यामुळे चाप दाबताना मॅगझिनशी घर्षण होऊन तो जड व खरखरीत लागे, ही तक्रार पुढे कित्येक दशके ऐकू येत होती. वस्तूच्या रचनेत तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा ठसा, ते गिऱ्हाईक निघून गेल्यावरही, कसा टिकून राहतो, याचे हे चांगले उदाहरण होय. काही नमुन्यांवर ५०० मीटरपर्यंतच्या अंतराच्या खुणा असलेली मागील माशी आणि लाकडी दस्ता जोडण्यासाठी खाच असे. पिस्तुलाने ५०० मीटरवर नेम साधणे व्यवहारात अशक्यप्राय असल्याने, या खुणा जुन्या लष्करी कल्पनांचा अवशेष मानाव्या लागतात.

४. एक कारखाना, दोन स्वामी

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले, आणि २८ मे रोजी बेल्जियन सैन्याने शरणागती पत्करली. हेर्स्तालचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला व त्याचा कारभार एका जर्मन शस्त्रनिर्मिती संस्थेकडे देण्यात आला. पिस्तुलाचे उत्पादन थांबले नाही, उलट वाढले. जर्मनांनी त्याला ‘पिस्तोल ६४०(बी)’ असे नाव दिले. कंसातील अक्षर ‘बेल्जियन’ या अर्थाचे. १९४४ च्या सप्टेंबरात लिएझचा प्रदेश मुक्त होईपर्यंत तीन लाखांहून अधिक पिस्तुले जर्मन सैन्यासाठी तेथे तयार झाली. युद्धापूर्वीच्या बेल्जियन उत्पादनाच्या कित्येक पटींनी ही संख्या मोठी आहे. वरचे पाणी आणि घासकाम उत्तरोत्तर ओबडधोबड होत गेले, पण स्लाइडवरील कारखान्याचे फ्रेंच नाव तसेच राहिले. शेजारी जर्मन निरीक्षकांचे शिक्के उमटू लागले.

ज्यांनी हे पिस्तूल आपल्या देशाच्या संरक्षणासाठी घडविले, त्याच यंत्रांवर आणि त्याच गावात ते आता आपल्या देशाच्या जेत्यांसाठी घडविले जात होते. कारखान्यातील काही जाणत्या माणसांनी मात्र निराळा मार्ग पत्करला. सैव आणि कारखान्याचे एक वरिष्ठ अधिकारी रने लालू हे बेल्जियम सोडून इंग्लंडला पोहोचले. त्यांच्यासमवेत यंत्रे गेली नाहीत. त्यांच्यासमवेत ज्ञान गेले. येथे मालकी आणि ज्ञान या दोन गोष्टींची फारकत झालेली दिसते. कारखाना जर्मनांकडे, आणि कारखान्याची स्मृती दोस्तांकडे.

५. टोरांटो

या स्मृतीचा उपयोग युरोपात न होता अटलांटिकपलीकडे झाला. चीनच्या राष्ट्रीय सरकारने युद्धापूर्वी बेल्जियमकडून हे पिस्तूल विकत घेतले होते, आणि जपानशी चाललेल्या युद्धात त्याला ते आणखी हवे होते. हेर्स्तालचा दरवाजा बंद होता. तेव्हा ही मागणी कॅनडाकडे आली. टोरांटो येथील जॉन इंग्लिस कंपनी ब्रेन मशीनगनी तयार करण्यात आधीच गुंतलेली होती. कॅनडाच्या १९४३ च्या परस्पर साहाय्य कायद्यान्वये चीनसाठी १,८०,००० पिस्तुलांची योजना आखण्यात आली.

कॅनडाकडे हेर्स्तालचे मूळ आराखडे नव्हते. चीन सरकारने आपल्याजवळील सहा बेल्जियन पिस्तुले उसनी दिली. ती सुटी करून, प्रत्येक भागाची मापे घेऊन, आणि सैव व लालू यांच्या साहाय्याने इंग्लिस कंपनीने आपले आराखडे उभे केले. एखाद्या ग्रंथाची मूळ हस्तलिखित प्रत शत्रूच्या ताब्यात असावी, आणि तिच्या सहा नकला व एक जिवंत लेखक यांच्या साहाय्याने संहिता पुन्हा सिद्ध करावी, असाच हा प्रकार. आपल्या विभागात पाठचिकित्सेचे काम करणाऱ्यांना त्यातील अडचणींची कल्पना सहज येईल.

उत्पादन १९४४ मध्ये सुरू झाले आणि १९४५ मध्ये युद्धाबरोबरच थांबले. या अवधीत सुमारे दीड लाख पिस्तुले तयार झाली. चीनसाठी असलेल्या पिस्तुलांवर लांब पल्ल्याची माशी, दस्त्याची खाच आणि ‘चीन प्रजासत्ताकाची मालमत्ता’ या अर्थाची सहा चिनी अक्षरे होती. परंतु १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यापासून चीनकडे जाणारी वाट हिंदुस्थानातून, हिमालयावरून विमानानेच जात होती. त्या वाटेवर प्रत्येक मणाच्या ओझ्याला स्पर्धा होती. नियोजित संख्येपैकी पुष्कळ पिस्तुले कॅनेडियन व ब्रिटिश दलांकडे वळविली गेली. मार्च १९४५ मधील ऱ्हाइन नदीपलीकडील हवाई उतराईच्या वेळी कॅनेडियन छत्रीधारी सैनिकांजवळ ती होती. त्यांच्यासमोरील जर्मन सैनिकांजवळ हेर्स्तालची पिस्तुले होती. एकाच आराखड्याची दोन अपत्ये परस्परांसमोर उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

चीनमध्ये पोहोचलेल्या पिस्तुलांचे भवितव्य निराळे. १९४९ मध्ये राष्ट्रीय सरकारचा पराभव झाला आणि त्यांतील काही पिस्तुले जेत्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती गेली. ‘प्रजासत्ताकाची मालमत्ता’ हे शब्द पोलादावर कायम राहिले, मालक बदलला.

६. युद्धोत्तर सेवा

युद्धानंतर ब्रिटनने या पिस्तुलाची चाचणी घेऊन १९५४ मध्ये ते स्वीकारले, आणि त्याबरोबर रिव्हॉल्व्हरांची ब्रिटिश परंपरा अस्तास गेली. पश्चिम युरोपात ९ मिलिमीटरचे काडतूस सर्वमान्य होत असल्याने या निवडीला बळ मिळाले. हे काडतूस मूळचे जर्मन, ल्युगर पिस्तुलासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेले. त्याच्याशी दोन महायुद्धांत लढलेल्या राष्ट्रांनीच ते अखेर आपले मानले.

अर्जेंटिनात रोसारियो येथील सरकारी कारखान्यात परवान्याने हे पिस्तूल तयार होऊ लागले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनियन अशा दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या कमरेला तेच पिस्तूल होते. ऱ्हाइनकाठी जे घडले ते दक्षिण अटलांटिकमध्ये पुन्हा घडले. या वेळी मात्र कारखाना बळकावण्याची गरज पडली नाही, करारपत्र पुरेसे झाले.

ब्रिटनने २०१३ मध्ये त्याच्या जागी ऑस्ट्रियन ग्लॉक पिस्तूल घेण्याचे ठरविले. कॅनडाच्या सैन्याने तर १९४४-४५ मधील टोरांटोची पिस्तुलेच २०२० नंतरच्या वर्षांपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ दशके, वापरात ठेवली. हेर्स्ताल येथील मूळ रचनेचे उत्पादन २०१७ च्या सुमारास थांबले. २०२२ मध्ये त्याच कारखान्याने जुने नाव धारण केलेले पिस्तूल बाजारात आणले, पण त्याची अंतर्रचना नवी आहे. नाव टिकले आणि आराखडा गेला; १९२६ नंतर जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती नव्हे काय?

७. इशापूर

भारताच्या संदर्भात या इतिहासाचे एक प्रकरण स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्याला ब्रिटिश अमदानीतील रिव्हॉल्व्हरांचा वारसा मिळाला होता. पुढे ९ मिलिमीटरचे काडतूस पिस्तूल आणि कार्बाइन या दोहोंसाठी रूढ झाले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी असलेल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ तयार होऊ लागले. हे पिस्तूल थेट हेर्स्तालच्या नव्हे, तर टोरांटोच्या शाखेतील आहे. युद्धकाळात सहा नमुन्यांवरून पुन्हा उभारलेल्या त्या संहितेची ही भारतीय प्रत होय.

याच कारखान्याने १९६० च्या दशकात भारतीय पायदळासाठी जी स्वयंभरण रायफल तयार केली, तिचा मूळ आराखडाही, म्हणजे बेल्जियन ‘फाल’ रायफलीचा, युद्धानंतर हेर्स्तालला परतलेल्या सैवचाच. भारतीय सैनिकांच्या दोन पिढ्यांनी ती रायफल खांद्यावर वाहिली. त्यांच्यापैकी किती जणांनी सैवचे नाव ऐकले असेल? ब्राउनिंगचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक असते.

८. उपसंहार

आरंभीच्या तीन प्रश्नांकडे आता परतावे. हे पिस्तूल कोणी निर्मिले, याचे उत्तर ब्राउनिंग असे देणे खोटे नाही, पण अपुरे आहे. मूळ रचनेची दिशा त्याची. परंतु ज्या गुणामुळे पिस्तुलाला नाव मिळाले तो गुण, आणि ज्या स्वरूपात ते सैनिकांच्या हाती गेले ते स्वरूप, सैवच्या परिश्रमाचे फळ होय. मृत आणि कीर्तिमान संशोधकाचे नाव विक्रीला उपकारक होते. पगारी तंत्रज्ञाचे नव्हते. स्लाइडवरील अक्षरे हे व्यापाराचे साधन आहे, कर्तृत्वाचा दाखला नव्हे. इतिहासकाराने त्यांना शिलालेखाइतकेच चिकित्सेने वाचावयास हवे.

ते कोणाच्या मालकीचे होते, याचे उत्तर काळागणिक बदलते. फ्रान्सने मागितले आणि घेतले नाही. बेल्जियमने घडविले आणि गमावले. जर्मनीने बळकावले आणि अखेर सोडून दिले. चीनने आपला शिक्का मारला आणि तो शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला.

आणि ज्ञान कोठे होते? ते काही अंशी कागदावर, काही अंशी पोलादात, पण मुख्यतः जाणत्या माणसांच्या ठायी होते. १९४० मध्ये हेर्स्तालच्या यंत्रांवर ताबा मिळविणाऱ्यांना तीन लाख पिस्तुले मिळाली. सीमा ओलांडून गेलेल्या मूठभर माणसांच्या ज्ञानातून टोरांटोची, आणि पुढे इशापूरची, परंपरा उभी राहिली. जर्मनांचा ताबा चार वर्षांत संपला. टोरांटोच्या पिस्तुलांनी आठ दशके सेवा केली. आपल्या देशात परकीय आराखड्यांवर आधारलेल्या शस्त्रनिर्मितीचा इतिहास अद्याप बहुतांशी लिहावयाचा आहे. तो लिहिताना किती नग तयार झाले याच्या कोष्टकांवर न थांबता, ते घडविण्याची विद्या कोणाकडून कोणाकडे व कोणत्या वाटेने गेली, हा प्रश्न अभ्यासकांनी प्रथम विचारावा, एवढेच या लेखाचे सुचविणे आहे.